अठरा नंबरचं बुजगावणं

खोटं बोलू नये हे सगळेच सांगतात. पण बोलायचंच असेल तर पूर्ण पत्त्यासकट, फोन नंबरासकट आणि उघडण्याच्या वेळेसकट बोलावं, असं थोरले मालक म्हणायचे. आणि हे म्हणणारा माणूस लबाड नव्हता हो. उलट त्यांच्याइतका खरेपणाचा वेडा अख्ख्या शहरात दुसरा सापडला नसता. त्यांची नगरदर्शिका दर वर्षी निघायची. विटेएवढी जाड, पिवळ्या पुठ्ठ्याची. शहरातले दवाखाने, शाळा, गॅरेजवाले, नळदुरुस्तीवाले, वकील, चष्मेवाले, कुणाचं दार कुठल्या बाजूला उघडतं, कोण दुपारी झोपतो, कुणाकडे जायला जिना चढावा लागतो, सगळं त्यात असायचं. घरात भांडण झालं तर लोक ती उघडून वकील शोधायचे आणि भांडण मिटलं तर तीच उशाला घेऊन झोपायचे.

त्या पुस्तकातली प्रत्येक नोंद खरी आहे की नाही हे बघायचं काम एका माणसाचं होतं. त्याला सगळे पडताळकाका म्हणत. वयाच्या तिशीत होता तेव्हाही काका आणि साठी उलटली तेव्हाही काकाच. त्यांचा नियम एकच, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही. वर्षाकाठी दोन जोडे झिजायचे. दुकानासमोर उभं राहून पाटी वाचायची, आत जाऊन विचारायचं, बाहेर येऊन यादीवर बरोबरची खूण करायची आणि पुढच्या दाराला जायचं. अशी एकतीस वर्षं. छापखान्यातली मंडळी चेष्टा करायची, “काका, लग्नाचीही पडताळणी केली होतीत का?” त्यावर काकू एकदा म्हणाल्या होत्या, “केली की! दोनदा आले होते. दोन्ही वेळा मी घरी सापडले, म्हणून नोंद कायम झाली.”

मग अशा सोवळ्या पुस्तकात खोटं कशाला? तर चोरांसाठी. एकाने वर्षभर उन्हातान्हात पायपीट करायची आणि दुसऱ्याने घरी बसून ते पुस्तक जसंच्या तसं उतरवून स्वतःच्या नावाने छापायचं, हा उद्योग तेव्हा जोरात होता. पकडायला जावं तर तो म्हणणार, मीही हिंडलो, मलाही तेच सापडलं. खऱ्या माहितीवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं ना! म्हणून थोरल्या मालकांनी शक्कल काढली. दर वर्षी हजारो खऱ्या नोंदींत एक खोटी पेरायची. अस्तित्वातच नसलेला एखादा छत्री दुरुस्तीवाला, नसलेल्या पत्त्यावर. तो छत्रीवाला दुसऱ्याच्या पुस्तकात उगवला की चोर पकडला गेला. शेतात पाखरं घाबरवायला उभं करतात तसं हे, म्हणून त्याचं नावच पडलं बुजगावणं.

बुजगावण्याचे नियम कडक होते. नोंद निरुपद्रवी हवी. वर्ष संपलं की पुढच्या आवृत्तीत ती काढायची आणि दुसरी घालायची. आणि ती कोणती, हे फक्त दोघांना ठाऊक, मालकांना आणि काकांना. कागदावर कुठेच लिहायचं नाही, कारण कागदाला पाय फुटतात. दोन वेळा चोर सापडले. दुसऱ्या वेळी मालकांनी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि समोरच्याला शांतपणे म्हणाले, “या छत्रीवाल्याकडे माझी छत्री अडकलीय. तुमची ओळख दिसतेय, तेवढी आणून द्या.” तो माणूस पायऱ्या उतरताना दोनदा अडखळला. ही गोष्ट काकांनी घरीदारी इतक्यांदा सांगितली होती की लेक लहान असताना ती झोपेत सांगायची.

मग चोर शहाणे झाले. ते छत्रीवाल्यांना, किल्लीवाल्यांना हातच लावेनात. नुसते दवाखाने आणि रुग्णालयं उचलायची आणि इंटरनेटवर टाकायची, कारण लोक शोधतात तेच. मालक डोक्याला हात लावून बसले होते. तेव्हा काकाच म्हणाले, “चोर जिथे हात घालतो तिथेच घंटा बांधायला हवी. या वर्षी बुजगावणं म्हणून एक रुग्णालय घालू.”

“अहो, पण कुणी आजारी माणूस गेला तर?” मालक म्हणाले.

“जाणार नाही. नोंदीत माझ्याच टेबलावरच्या दुसऱ्या फोनचा नंबर घालू. लोक आधी फोन करतात, मग निघतात. फोन आला की मी सांगेन, ते बंद झालंय, तुम्ही अमक्या ठिकाणी जा.”

हिशेब बरोबर होता. तेव्हा लोक खरंच आधी फोन करत. जागाही काकांनी अशी निवडली की सुचायला पडताळकाकाच हवेत. साबणाच्या बंद कारखान्यामागच्या गल्लीत घरांचे नंबर सतरावरून एकदम एकोणिसावर जातात. मधे एक भिंत, भिंतीत हिरवं लोखंडी फाटक आणि फाटकाआड विजेचा घूंऽऽ करणारा ट्रान्सफॉर्मर. अठरा नंबर या जगातच नव्हता. नावाची वेळ आली तेव्हा छपाईला दोन तास उरले होते आणि काकांना काही सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या गेलेल्या आईचं नाव दिलं. मग जरा हौसही आली. बारा खाटा. बालरोग विभाग. चोवीस तास उघडं.

त्या वर्षी टेबलावरचा तो फोन अकरा वेळा वाजला. अकराही वेळा काकांनी लोकांना नीट दुसरीकडे पाठवलं, जिना कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं. गळ लावला होता तो चोराला, कुणा आजाऱ्याच्या घशात काही अडकलं नाही. पण वर्ष संपायच्या आतच थोरले मालक गेले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. धाकट्या मालकांनी तीन महिन्यांत पुस्तक बंद केलं आणि आतली सगळी माहिती एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला विकून टाकली. ते विकताना तिला माहितीही म्हणाले नाहीत. डेटा म्हणाले.

कंपनीचा माणूस आला, काकांच्या टेबलाच्या कडेला टेकला, कॉम्प्युटरला एक वायर लावली आणि एकतीस वर्षं पंचवीस मिनिटांत भरून घेतली. वायर काढता काढता त्याने सहज विचारलं, “काका, यात काही चुका आहेत का?”

काका खुर्चीत ताठ झाले. “एकही नाही,” ते म्हणाले.

एकतीस वर्षं ते हेच उत्तर देत आले होते. कुणीही विचारावं, त्यांनी हेच सांगावं. आणि खरं सांगायचं तर बुजगावणं त्यांच्या लेखी चूक नव्हतीच मुळी! चूक म्हणजे चुकून झालेली. हे तर मुद्दाम, विचार करून, जीव ओतून केलेलं काम. त्या माणसाने ‘चुका’ म्हटलं आणि काकांच्या डोक्यात ते रुग्णालय आलंच नाही. दोनेक दिवसांनी आंघोळ करताना आलं, पण तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, जाऊ दे, वर्ष संपलं की निघेल. सवयच तशी होती. पुस्तकातली प्रत्येक गोष्ट वर्षभर जगायची आणि नव्या आवृत्तीत पुन्हा तपासली जायची. ज्याला आवृत्तीच नाही आणि ज्याचं वर्ष कधी संपतच नाही, अशी वस्तू काकांनी जन्मात पाहिली नव्हती.

दोन वर्षं गेली. काका घरी बसले. लेक शाळेत शिकवायची, ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि संध्याकाळी येऊन आईबापांची खबर घ्यायची. एकदा तिने बापाला नवा फोन आणून दिला आणि शिकवलं, “बाबा, काय हवं ते इथे लिहायचं. सगळं सापडतं.” काकांनी थोडा वेळ विचार केला आणि गंमत म्हणून आईचं नाव लिहिलं.

रुग्णालय आलं की वर! बारा खाटा, बालरोग, चोवीस तास उघडं. खाली हिरव्या फाटकाचा फोटो. काका मांडीवर थाप मारून ओरडले, “अगं ए, सापडला! चोर सापडला!” काकू पोळपाट सोडून धावत आल्या. मग काकांच्या लक्षात आलं की हा चोर नव्हे. याने तर विकत घेतलंय. त्यांनी ठेवलेला फोन नंबरही तिथे नव्हता, तो कधीच बंद झाला होता. त्याच्या जागी एक बाण होता. बाण दाबला की रस्ता दिसायचा आणि लोक फोनबिन न करता थेट निघायचे.

बाणाच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं. ‘इथे काहीच नाही. बाळाला ताप चढला होता. गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. चाळीस मिनिटं गेली.’ एक तारा दिला होता. बाळाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नव्हतं.

 काकांनी ती चार वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली आणि फोन पालथा घालून ठेवला. “चाळीस मिनिटं,” ते काकूंना म्हणाले. “तापातलं बाळ आणि चाळीस मिनिटं. आणि हे मी केलंय.” काकूंनी काहीतरी समजूत काढली, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांचंच त्या समजुतीवरून मन उडालं.

पहिलं काम केलं ते लेकीने. तिथे एक जागा होती, ‘ही माहिती चुकीची आहे’ असं कळवायची. तिने कळवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. आभार मानले होते, आणि पुढे लिहिलं होतं की पाच ठिकाणी पडताळून पाहिलं असता माहिती बरोबर आढळली.

“पडताळून?” काका उसळले. “कोण गेलं होतं तिथे?”

“कुणी जात नाही बाबा. मशीन दुसऱ्या साइट बघतं.”

त्या पाच साइट लेकीने उघडून दाखवल्या. पाचही ठिकाणी बारा खाटा, पाचही ठिकाणी काकांचेच शब्द, काकांचाच स्वल्पविराम. पाचही जणांनी एकाच भांड्यातलं ओतून घेतलं होतं आणि आता ते एकमेकांची साक्ष देत होते. तिने मग फोनला तोंडी विचारलं, हे रुग्णालय कसं आहे? फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, हे मुलांच्या आजारांसाठी नावाजलेलं जुनं रुग्णालय आहे.

“नावाजलेलं मी लिहिलं नव्हतं,” काका म्हणाले. “आईशप्पथ, ‘नावाजलेलं’ मी कुठेच लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी काका कंपनीत गेले. काचेची इमारत, गार हवा, समोर हसतमुख बाई. तिने पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, त्या कामाला आमच्याकडे माणूसच नाही हो. ते आपोआप होतं.”

“मग ते आपोआपवाले कुठे बसतात? त्यांना भेटतो मी.”

बाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने सांगितलं, काहीतरी छापील पुरावा द्या, मी वर पाठवते. काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटची आवृत्ती, पिवळा पुठ्ठा. बाईने पान उघडलं, बोट फिरवलं आणि गोंधळून वर बघितलं. “काका, यात तर रुग्णालय आहे असंच लिहिलंय.” आणि खाली, पानाच्या तळाशी, प्रत्येक पानाच्या तळाशी असायची तशी ओळ होती, या पानावरील प्रत्येक नोंद प्रत्यक्ष जाऊन पडताळलेली आहे. काकांनी पुस्तक मिटलं आणि पिशवीत ठेवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोंब कुणाच्या नावाने मारायची?

राहिले धाकटे मालक. ते नव्या ऑफिसात भेटले, चहा मागवला, वडिलांची आठवण काढली. काका म्हणाले, “एक पत्र द्या फक्त. की ही नोंद आपण मुद्दाम खोटी घातली होती.”

“कुठे लिहून ठेवलंय का काका, बाबांनी किंवा तुम्ही? एखादा कागद?”

“नाही. लिहायचं नाही असाच नियम होता.”

“मग मी कशाच्या जोरावर लिहू? आणि समजा लिहिलं. उद्या ज्याचं कुणी दगावलं असेल तो कोर्टात गेला, तर कंपनीला धरणार नाही, मला धरेल. आणि तुम्हालाही.”

“धरू दे मला,” काका म्हणाले. “मलाच धरायला हवं.”

धाकट्या मालकांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि घड्याळाकडे पाहिलं. काका उठले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर काकांनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर जाड अक्षरात ‘येथे रुग्णालय नाही’ असं लिहिलं आणि हिरव्या फाटकाला बांधून आले. वीजवाल्यांनी दोन दिवसांत तो काढून टाकला. फाटकावर काही लावायचं नाही असा त्यांचाही नियम होता, आणि नियमाला काका काय बोलणार! पुन्हा बांधला, पुन्हा काढला. भिंतीवर खडूने लिहिलं, ते एकोणीस नंबरच्या माणसाने पुसलं. शेवटी काकांनी घरातली घडीची खुर्ची उचलली.

“कुठे?” काकूंनी विचारलं.

“कामावर,” काका म्हणाले.

ते रोज दहाला फाटकाशी जायचे आणि सहाला उठायचे. पाठीमागे ट्रान्सफॉर्मर घुंघुं करायचा. पहिल्या दिवशी दोन गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी एक. आठवड्याला दहाबारा. गाडी वळली की काका खुर्चीतून उठून हात हलवायचे, “इथे नाही! मागे घ्या! दोन चौक सोडून डावीकडे, निळ्या पाटीची इमारत, मागच्या दाराने जा, पुढचा जिना आहे!” एकतीस वर्षांची पायपीट त्यांच्या जिभेवर होती. मूल असेल तर कुठे, हाड मोडलं असेल तर कुठे, छातीत दुखत असेल तर कुठे, कुठला रस्ता आज खणलाय, सगळं घडाघडा सांगायचे. काही लोक आभार मानायचे. काही शिव्या घालायचे, आणि शिव्या घातल्या की काकांना जरा बरं वाटायचं. पण आतला आजारी माणूस पुढे जगला की गेला, हे काही त्यांना कधी कळायचं नाही. गाडी वळायची आणि जायची.

सहानंतर काय, हा विचार ते घरी येताना करत नसत. चोवीस तास उघडं, असं त्यांनीच लिहिलं होतं.

एका दुपारी एक गाडी भिंतीला घासतच थांबली. चालवणारा पन्नाशीचा माणूस होता. मागच्या सीटवर त्याची आई आडवी, तोंड उघडं, श्वास तुटक तुटक. तो माणूस फाटकावर मुठी मारायला लागला. काकांनी त्याला खांद्याला धरून फिरवलं, “अहो, हे नाही! चला, मी बसतो गाडीत, मी दाखवतो.” आणि बसले. वाटेत म्हातारीचा हात त्यांनी हातात धरला होता. रुग्णालयाच्या दाराशी नर्सेसनी तिला आत नेलं, मुलगा मागे पळाला, आणि काका बाहेर उभे राहिले. तिथून चालत फाटकाशी परत आले, कारण मधल्या वेळात कुणी आलं असतं तर?

पाचव्या दिवशी तो माणूस परत आला. एकटाच. दाढी वाढलेली.

“आई गेली,” तो म्हणाला. “दारातच गेली म्हणायची. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं.”

 काका खुर्चीवर बसले. पंधरा-वीस मिनिटं म्हणजे या गल्लीत यायला आणि इथून बाहेर पडायला लागतात तेवढीच. त्यांनी तो रस्ता शंभरदा चालून मोजला होता.

“पण काका, तुम्ही होतात म्हणून,” तो माणूस म्हणाला. “नाहीतर मी या भिंतीशीच डोकं आपटत बसलो असतो. सख्खा भाऊ आला नाही, तुम्ही गाडीत बसलात. तिचा हात धरलात.”

“अहो, ऐका,” काका म्हणाले. “मला हात जोडू नका. हे रुग्णालय खोटं आहे. मी लिहिलंय ते. माझ्या हाताने लिहिलंय. तुमच्या आईला मी…”

तो माणूस वाकला आणि काकांच्या खांद्यावर थोपटायला लागला. “कळतंय मला. तुम्हालाही लागलंय मनाला. तुमचा काय दोष त्यात? कुणी पगारही देत नसेल तुम्हाला इथे बसायचा. मी तुमच्याबद्दल लिहिलंय तिथे. चांगलं लिहिलंय, लोकांना कळू दे.”

“कुठे लिहिलंय?” काकांनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी लेकीने फोन उघडला. काका म्हणाले, “वाच.” तिने वाचलं. ‘आमच्यावर वाईट प्रसंग होता. इथले काका देवमाणूस. रोज सकाळी दहाला येतात. कुठल्या आजाराला कुठे जायचं ते बरोबर सांगतात, स्वतः सोबत येतात. आधी त्यांना भेटा.’ पाच तारे. आणि तो एकटाच नव्हता. गेल्या दोन महिन्यांत काकांनी ज्यांना वाट दाखवली त्यांतल्या कितीतरी जणांनी लिहिलं होतं, नम्र माणूस, वेळेवर हजर, लगेच मार्गदर्शन. बाळाच्या तापाचा तो एक तारा सगळ्यांत खाली गेला होता, बघायला बोट दुखेपर्यंत खाली सरकावं लागायचं.

“आधी हे सातवं यायचं बाबा,” लेक हळूच म्हणाली. “आता मुलांचं रुग्णालय शोधलं की पहिलं येतंय. आणि इथे बघा, गर्दीची वेळ, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.”

“ती माझी वेळ आहे.”

“हो. तुमचा फोन खिशात असतो ना. आणि येणाऱ्यांचेही. मशीनला वाटतं, चालू आहे.”

काकूंनी तोंडाला पदर लावला.  फोनच्या उजेडात काकांच्या आईचं नाव होतं आणि त्याच्यापुढे साडेचार तारे. बाई बिचारी साठ वर्षं चुलीपुढे बसली, तिला आयुष्यात कुणी एकदा चांगलं म्हटलं नव्हतं.

“मी जातो म्हणून ते मोठं होतंय,” काका म्हणाले. “आणि नाही गेलो तर लोक येऊन भिंतीला धडकणार.” धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असलं काहीतरी त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच पाळलेलं होतं. लेकीने पुन्हा एकदा ‘माहिती चुकीची आहे’ वर बोट ठेवलं. या वेळी दहा मिनिटंही लागली नाहीत. अलीकडे अनेकांनी प्रत्यक्ष भेट देऊन ही जागा खरी असल्याचं सांगितलं आहे, असं उत्तर आलं. प्रत्यक्ष जाऊन पडताळलेली! काका ते वाचून हसायला लागले, आणि ते हसू इतकं वाईट होतं की लेकीने फोन विझवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उंबऱ्यात बसून राहिले. जायचं की नाही ते ठरेना. काकू दोनदा डबा घेऊन आल्या आणि दोनदा आत गेल्या. सव्वादहाला काका उठले. फोन खिशातून काढून काकूंच्या हातात दिला, खुर्चीही घेतली नाही. “एकदा लांबून बघून येतो,” म्हणाले. “आज नसलो तर काय होतं ते बघतो.”

कारखान्याच्या कोपऱ्यावर वळले आणि थांबले. गल्लीत पाच गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. हिरव्या फाटकाला लागून माणसं ओळीने उभी होती. एका बाईच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी मान टाकून पडली होती. एक म्हातारा जमिनीवरच बसला होता, त्याची सून त्याला पदराने वारा घालत होती. कुणी फाटकावर मुठी मारत नव्हतं. सगळी शांत होती. वाचून आली होती ना, दहाला काका येतात, आधी त्यांना भेटा. म्हणून थांबली होती.

काका धावले. साठीपासष्टीचा माणूस, पण धावले. “इथे थांबू नका!” ते ओरडायला लागले. “कुणी थांबू नका, निघा, मूल घेऊन निघा तुम्ही, मागे फिरा!” आणि त्या बाईकडे जायला ओळीत घुसले.

तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने त्यांचा दंड धरला. “ओ आजोबा, घाई सगळ्यांनाच आहे,” तो म्हणाला. “रांगेत या.”